तीन वेढ्यांचं जायफळ

नाना धारहून आले ते दोन ट्रंका घेऊन. एकीत कपडे असतील, दुसरीत औषधं-पुस्तकं, असा इरावतीचा अंदाज. रिक्षावाल्यानं दुसरी ट्रंक जिन्यावर चढवताना कण्हत विचारलं, "दादाजी, इसमें लोहा भरा है क्या?"

"लोहा नाही भिया, पितळ. और काच भी है, जरा धीरे."

कपडे खांद्यावरच्या पिशवीत होते. दोन्ही ट्रंकांत कॉफीची यंत्रं होती.

नाना म्हणजे इरावतीचे सासरे, भास्करराव. वय त्र्याहत्तर. धारच्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांची उभी हयात गेली. सासूबाई, इंदिराबाई, दोन वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हापासून ते धारला एकटेच राहत. आता देवासला आले होते ते एकाच कामासाठी. इरावतीला टोंकखुर्दच्या कॉलेजात इतिहास शिकवायला बोलावणं आलं होतं. अतिथी विद्वान म्हणून, म्हणजे वर्षापुरतं. सोमवारी हजर झालं नाही तर यादीतलं पुढचं नाव. आणि घरात दहा महिन्यांची चिऊ.

नवरा, प्रणव, आठ महिन्यांपासून चेन्नईला होता. कंपनीनं नवा प्लांट उभारायला पाठवलेला. देवासच्या टोकाला एका नव्या कॉलनीत वरच्या मजल्यावर त्यांचं भाड्याचं घर होतं. खालचे मालक इंदूरला राहत, त्यामुळे खाली कुलूप आणि वर या दोघी. दिवसभरात मोठ्या माणसाशी बोलणं व्हायचं ते दूधवाल्याशी. "भाभीजी, आज एक ही लीटर?" "हां भिया, एक ही." झालं. कधी कधी चिऊशी बोलता बोलता स्वतःचा आवाज कानावर पडून ती दचकायची, खोलीत कोण बोलतंय म्हणून. बाळ झोपलं की त्याच्या नाकापुढे बोट धरून श्वास बघायचा, गॅसची कळ दोनदा बघायची, जिन्याचं दार ओढून बघायचं. हे सगळं ती आठ महिने एकटीनं बघत होती. बघण्यात कुणी वाटेकरी येणार याचा तिला आनंद होता, आणि नेमकी त्याचीच धास्तीही होती.

रात्रीच्या फोनवर प्रणव हसला. "यंत्रं आणली का सगळी? मेलीस तू. आईनं चाळीस वर्षं तेच केलं, यंत्रं पुसायची."

"ते चिऊला सांभाळतील ना रे नीट?"

"अगं, मला सांभाळलंय त्यांनी."

तुला तर आईंनी सांभाळलं, असं इरावतीच्या अगदी ओठावर आलं होतं. पण लांबच्या माणसाशी वाद घालायला सुद्धा जोर लागतो.

दुसऱ्या दिवसापासून नानांनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर रोज एक-दोन यंत्रं मांडायला सुरुवात केली. बुधवारी सकाळी पत्र्याची दुमजली गाळणी. "अठराशे सालच्या आसपासची रीत, पॅरिसची. त्याआधी सगळे भुकटी उकळवायचे आणि गाळ दातांत घेऊन हिंडायचे. कुणातरी आर्चबिशपचं नाव लावतात हिला. धर्मगुरूनं केलेलं एवढं एकच काम मला पटलेलं आहे."

पत्र्याची ती गाळणी त्यांनी स्वतःच धारच्या एका पत्र्याच्या कारागिराकडून ठोकून घेतली होती. मग इंदिराबाईंबरोबर म्हैसूरला गेले होते तेव्हा आणलेला पितळी फिल्टर. मग भाच्यानं पाठवलेला इटलीचा मोका, एकोणीसशे तेहतीसचा नमुना, वाफेच्या जोरावर पाणी खालून वर ढकलणारा. प्रत्येकाची माहिती त्यांच्या एका जाड वहीत होती. इरावतीची शाळा डही गावातली, सगळी हिंदीत झालेली. नानांचं जुन्या वळणाचं मराठी अक्षर तिला बोट ठेवून वाचावं लागे.

"सूनबाई, तुमच्या इतिहासात लढाया. माझ्या इतिहासात गाळण्या. मला सांग, रोज सकाळी माणसाला काय लागतं?"

ती हसली. किती दिवसांनी कुणीतरी तिला प्रश्न विचारत होतं, ज्याचं उत्तर लीटरमध्ये द्यायचं नव्हतं.

"ही बघ, ही खरी गंमत." त्यांनी वहीचं पान उलटलं. "ड्रेस्डेन, एकोणीसशे आठ. मेलिटा बेंट्झ. घरी बसणारी बाई, तुझ्यासारखी. म्हणजे... तू काही घरी बसणारी नाहीस."

"आत्ता आहे ना. पुढे सांगा."

"तिला कॉफीतल्या गाळाचा वैताग आला. पितळी भांड्याच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडली, मुलाच्या वहीतला टीपकागद काढून घातला वर. झाला पेपर फिल्टर! मी पण केला होता प्रयोग, प्रणवच्या वहीतला टीपकागद घेऊन. सगळ्या कॉफीला शाईचा वास. इंदू म्हणाली, आता पेपरच तपासा बसून."

"आणि ती भोकं पाडत होती, तेव्हा पोरांकडे कोण बघत होतं?"

नानांनी चष्मा वर केला. वहीत पाहिलं. "ते कुठं लिहिलेलं नाही."

कॉफी कुठल्याही यंत्रातून उतरो, शेवटी तिच्यात जायफळ पडायचं. हा इंदिराबाईंचा कायदा. नवऱ्याचे आर्चबिशप आणि इटली एकीकडे, त्या दुधात सहाणेवर उगाळलेलं जायफळ घालून मोकळ्या व्हायच्या. आता नाना स्वतःच घालत. पण ट्रंका भरण्याच्या नादात घरची सहाण धारलाच राहिली होती. तेव्हा गुरुवारी संध्याकाळी इरावती बाजारातून नवी सहाण घेऊन आली. नाना इतके खूष झाले की लगेच मोक्याची कॉफी करायला बसले.

सगळं छान चाललं होतं. तरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. नानांचा हात बारीक थरथरे. आणि पुढचं यंत्र होतं ते सायफन, प्रयोगशाळेतले दोन चंबू एकावर एक बसवून, रबरी बूच आणि काचेची नळी लावून नानांनी घरी केलेलं. खाली स्पिरिटचा दिवा. उघडी ज्योत, उकळतं पाणी, काच, आणि रांगणारं मूल.

शुक्रवारी तिनं रंगीत तालीम ठरवली. "नाना, मी दोन तास बाहेर जाऊन येते. बँकेत काम आहे."

बँकेत काहीच काम नव्हतं. जुना मोबाइल तिनं बरण्यांच्या मागे, फडताळावर उभा करून ठेवला होता. त्यात एक अॅप होतं, त्यातनं घरातलं सगळं नव्या मोबाइलवर दिसायचं, ऐकू यायचं. गावातल्या देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी एका बाकावर ती बसली आणि कानात इअरफोन घातले.

"दीदी, पोहे दूँ?" समोरच्या ठेल्यावाल्यानं विचारलं. तिनं मान हलवून नको म्हटलं. आपण आपल्याच घरात चोरासारखं डोकावतोय असं तिला वाटत होतं, आणि डोळा काही हलत नव्हता.

नानांनी आधी चिऊला जाळीच्या घरकुलात ठेवलं, ओट्यापासून चांगलं लांब. मग सायफन मांडला. त्यांनी काडी ओढली तशी इरावतीनं बाकाची कड घट्ट धरली. ज्योत लागली. खालच्या चंबूतलं पाणी गुरगुरलं आणि नळीतून वर चढलं. मग नाना, कानात अगदी स्वच्छ ऐकू येत होतं, समोरच्या रिकाम्या खुर्चीला म्हणाले, "चढलं बघ, इंदू. तू म्हणायचीस ना, भूत आहे यात म्हणून."

यांना भान आहे ना? नाना बोलतच होते, अगदी रोजच्यासारखं. धारच्या शेजारच्या वाड्यातल्या लोकांनी आंबा तोडला ते, प्रणव फोनवर घाईत असतो ते. "सून चांगली आहे ग. घाबरट आहे जरा. दारं बघते सारखी." मग दिवा विझवला. वर टोपण घातलं. पाणी कॉफी होऊन खाली उतरलं. दोन कप भरले, एक खुर्चीपुढे ठेवला. कुठे काही सांडलं नाही, फुटलं नाही.

तेवढ्यात चिऊ कुरकुरली. दात येत होते तिचे. नानांनी तिला मांडीवर घेतलं, झुलवलं, ती राहिना. मग सहाण पुढे ओढली, थेंबभर दूध टाकलं आणि जायफळ धरून मोठ्यानं मोजलं, "एक. दोन. तीन." बोटावर घेतलं, आणि चिऊच्या जिभेला चाटवलं.

घुटी-बिटी काही द्यायची नाही, हे चिऊच्या डॉक्टर अल्पनांनी पहिल्या महिन्यातच बजावलं होतं. इरावती उठून उभीच राहिली. साडेअकरा वाजले होते.

घरी पोचली तेव्हा चिऊ गाढ झोपलेली. "बघ, कशी शहाण्यासारखी झोपली," नाना अभिमानानं म्हणाले. आता विचारायचं. पण काय विचारायचं? जायफळ का दिलंत असं म्हटलं की, तुला कसं कळलं? मग फडताळ, मग फोन, मग खुर्चीपुढचा तो दुसरा कप. जाऊ दे, एवढंसं तर जायफळ, सगळ्यांच्या आज्यांनी दिलंय, असं तिनं स्वतःला समजावलं. एक वाजला. चिऊची दुधाची वेळ टळली. दोन वाजले. ती सारखी जाऊन श्वास बघत होती, श्वास चालू होता. पावणेतीनला तिनं चिऊला उचललं, तोंडावर पाण्याचा हात फिरवला. मान एका बाजूला कलली. डोळे अर्धे उघडले आणि मिटले.

"नाना!"

रिक्षात ती एवढंच म्हणत होती, "भिया, जल्दी. जल्दी करो ना भिया."

डॉक्टर अल्पनांनी चिऊच्या पापण्या उचलून पाहिल्या, छातीला स्टेथोस्कोप लावला. "क्या दिया है इसको? कोई दवाई? सिरप?"

"काही नाही," नाना गोंधळून म्हणाले. "दवाई तो कुछ नहीं दी." त्यांच्या लेखी जायफळ औषधात येतच नव्हतं.

"जायफल," इरावती म्हणाली. "तीन वेढे घिसके. साडे ग्यारह बजे."

नानांनी तिच्याकडे वळून पाहिलं.

"साडे ग्यारह? और आप अभी ला रही हैं?" डॉक्टर करवादल्या. "पढ़ी-लिखी होकर?" त्या चिऊला घेऊन आत गेल्या.

बाहेरच्या बाकावर दोघं बसली, मध्ये चिऊची पिशवी. समोर पंखा फिरत होता आणि भिंतीवर एका हसऱ्या बाळाचं कॅलेंडर होतं. बराच वेळ नाना आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडे बघत होते.

"तीनच वेढे," ते म्हणाले. "इंदू प्रणवला तीनच द्यायची. मी मोजत असे." मग अगदी हळू, प्रयोगशाळेत चूक सापडल्यासारखे म्हणाले, "सहाण नवी होती."

"काय?"

"घरची सहाण इंदूच्या सासूची. साठ वर्षं घासून आरशासारखी झालेली. तिच्यावर तीन वेढ्यांत नुसता वास यायचा. ही करकरीत खरखरीत. हिच्यावर तीन वेढे म्हणजे..." त्यांनी हिशेब मनातच केला आणि डोळे मिटले. "दळण बदललं की माप बदलतं. जाड दळली तर कॉफी पाणचट, बारीक दळली तर कडूजहर. आयुष्यभर हेच सांगत आलो पोरांना. आणि वेढे तेवढे मोजत बसलो, दगड नाही बघितला."

ती सहाण बाजारातून आपणच आणली, हे इरावतीला आठवलं. खूष होऊन आणली होती.

"सूनबाई, तू तर बँकेत होतीस."

"नव्हते."

मग तिनं सांगितलं. फडताळ, जुना फोन, टेकडीजवळचा बाक. खुर्चीचं तेवढं सांगितलं नाही. नानांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला.

"मी पण दाराच्या फटीतनं बघायचो," ते म्हणाले, "पोरं थर्मामीटर फोडतायत का ते." हसायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. "मी उद्या जातो धारला."

सहाच्या सुमाराला आतून रडं ऐकू आलं. खणखणीत, भुकेलं, रागावलेलं. इरावती धावली. डॉक्टरांनी अर्धा तास सुनावलं, जायफळावरून, घुटीवरून, उशिरावरून. तिनं सगळं ऐकून घेतलं. मांडीवर चिऊ पीत होती आणि तिच्या पायाची बोटं हलत होती.

शनिवारी प्रणवला सांगितलं. तो आधी ओरडला, मग म्हणाला, "पाळणाघर बघू का एखादं?" चेन्नईतून देवासचं पाळणाघर. नोकरी सोडते म्हणून ती मोकळी झाली असती तर त्यालाही बरंच वाटलं असतं, हे तिला त्याच्या आवाजावरून कळलं. फोन ठेवल्यावर ती खिडकीशी उभी राहिली. खाली रस्ता, समोर तीन रिकामे प्लॉट, त्यात चरणारी एक गाय. सोमवारी गेली नाही तर पुढच्या वर्षी हेच, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही.

रविवारी सकाळी नाना ट्रंक भरत होते. चंबू धोतराच्या तुकड्यात गुंडाळत होते, एकेक करून. चिऊ त्यांच्या पाठीला धरून उभं राहायला बघत होती, आणि ते तिला हात न लावता, मान वाकडी करून बघत होते, पडली तर धरता यावं म्हणून.

"नाना, थांबाल का?"

"कशाला? परत काही..."

"तुम्हाला माहीत नव्हतं, सहाण वेगळी आहे ते. मला माहीत होतं काय दिलं, केव्हा दिलं. डॉक्टर नको म्हणाल्या होत्या तेही माहीत होतं. तरी मी तीन तास गप्प बसले. का? तर मी लपून बघत होते ते तुम्हाला कळू नये म्हणून." ती ट्रंकेपाशी बसली. "मग मी पण नालायकच ना? मी कुठं जाऊ? मला धार नाही."

नानांनी हातातला धोतराचा तुकडा घडी करून बाजूला ठेवला. चिऊनं त्यांचा सदरा सोडला आणि धप्पकन खाली बसली, रडली नाही.

"काही देणार नाही मी तिला," ते म्हणाले. "तू काढून ठेवशील तेवढंच. वाटीवर वेळ लिहून ठेव. आणि तो फोन असू दे. पण बरण्यांच्या मागे नको. मला दिसेल असा ठेव."

चंबू मात्र त्यांनी परत बाहेर काढले नाहीत.

सोमवारी ती साडेसातच्या बसनं निघाली. दोन्ही बाजूंनी सोयाबीनची शेतं, बसमध्ये मास्तर लोक, "मॅडम नई हो क्या?" म्हणून कुणीतरी खिडकीची जागा दिली. कॉलेजात सही झाली, ऑर्डर फाइलीत गेली, एक तास झाला सुद्धा. वर्गात मुली जास्त होत्या, मागच्या दोन बाकांवर मुलगे पेंगत होते. अकराला स्टाफरूममध्ये ती एकटीच उरली, तेव्हा तिनं फोन काढला.

नाना फोनच्या बरोब्बर समोर बसले होते. इस्त्रीचा सदरा, पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर. पासपोर्टच्या फोटोला बसतात तसे. शेजारी सतरंजीवर चिऊ डबे वाजवत होती. पाच मिनिटं गेली, दहा गेली. नाना चिऊकडे बघत, फोनकडे बघत, परत चिऊकडे. ओटा मोकळा होता. ते एक अक्षर बोलले नाहीत.

तिनं नानांच्या मोबाइलवर फोन लावला. त्यांनी तो उचलून कानाला लावलेला तिला दिसला.

"सूनबाई, सगळं ठीक. नऊला दूध, साडेदहाला केळं. वाटीवर लिहिल्याप्रमाणे."

"दिसलं मला. नाना, तुम्ही कॉफी घेतलीत का?"

"छे. ड्युटीवर आहे मी."

"करा की. चिऊला घरकुलात ठेवा आणि करा."

"नको. तू बघशील आणि उगाच तिकडे जीव वर-खाली." मग ते म्हणाले, "तसं तू बघतेस त्याचं मला काही नाही हो. खरं सांगू? धारला दोन वर्षं मी काय करतो, काय नाही, कुणी बघितलं नाही. एकदा दिवसभर सदरा उलटा होता अंगात. संध्याकाळी माझं मलाच कळलं."

बाहेर घंटा झाली.

"एक विचारू?" नानांनी आवाज खाली आणला, जणू फडताळावरच्या जुन्या फोनला कळू नये. "त्यात नुसतं दिसतं, की ऐकू पण येतं?"

शुक्रवारचं सगळं तिनं ऐकलं होतं. आंब्याचं, प्रणवचं, घाबरट सुनेचं. पडद्यावर नाना मान कलती करून वाट बघत होते.

"नुसतं दिसतं, नाना. ऐकू काही येत नाही."

"बरं," ते म्हणाले. "मग बघतो. पितळी फिल्टर काढतो, त्याला दिवा लागत नाही."

फोन ठेवल्यावर तिनं अॅपमधली आवाजाची खूण शोधली आणि बंद केली. चालू करायची झाली तर ती करू शकली असती, कुणी धरलं नव्हतं. फोन पर्समध्ये टाकला, हजेरीपट घेतला. दारात शिपाई उभा होता, "मॅडम, फर्स्ट इयरवाले बैठे हैं." परतीची बस सव्वाचारला होती. पाच तास होते अजून.